दाबणाऱ्याला ओढू नका

मला लिहायला बसवत नाही, म्हणून मी बोलतोय आणि माझी मुलगी रेणुका मोबाइलवर टाइप करतेय. डाव्या हातानं करतेय, कारण तिचं उजवं मनगट अजून नीट वळत नाही. ते का, ते पुढं येईलच. माझ्या शिव्या ती गाळणार, असं तिनं आधीच बजावलंय. गाळू दे. जिथं वाक्य मध्येच अडखळल्यासारखं वाटेल तिथं एक शिवी होती असं समजा.

मी नागोजीराव, म्हैसूरचा. आमचे पूर्वज इथल्या महाराजांच्या फौजेत होते. फौज गेली, महाराज गेले, आम्ही इथंच राहिलो. घरात मराठी बोलतो, पण अर्धी कन्नड मिसळून; कोल्हापूरचे पाहुणे आले की तोंडाला रुमाल लावून हसतात. कडकोळच्या एका कारखान्यात मी गेटवर सुपरवायझर होतो. ती झाली नोकरी. माझा जीव होता मंडी मोहल्ल्याच्या मागच्या आमच्या गरडीत. तालमीला आमच्याकडे गरडी म्हणतात. मी तिथला उस्ताद होतो. 'होतो' म्हणतोय, त्याचंही कारण पुढं येईल.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की एका सकाळी माझं हृदय बंद पडलं, आणि मला वाचवायला जी धावली तिला माझ्याच माणसांनी मारलं. तुमच्या गल्लीत असं होऊ नये.

उसण

दुखायला लागलं ते आदल्या दिवशी. डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत कुणीतरी मुठीत धरून पिळतंय असं वाटत होतं. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. पण अख्ख्या मोहल्ल्याचे लचके, उसण, निखळलेले खांदे माझ्याकडे येतात. दुखणं म्हटलं की ते चोळायचं, ओढायचं, दाबायचं आणि घालवायचं, एवढीच आम्हा गरडीवाल्यांची विद्या. मी ठरवून टाकलं, उसण भरलीय. बायको, म्हणजे सुमित्रा, म्हणाली, "अहो, डॉक्टरकडं चला." मी म्हटलं, "उसणीला डॉक्टर? उद्या लोक माझ्याकडं कशाला येतील मग?"

रविवारी सकाळी उलटी झाली. घाम असा, की बनियन पिळून घ्यावा. तरी गरडीत गेलोच. महादेवाला हाक मारली. महादेव माझा थोरला चेला, जवळच्या सोसले गावचा, तिशीतला, मंडीत पोती उचलतो. तो कन्नडच बोलतो. त्याचं बोलणं मी इथं मराठीत सांगतो.

"महादेवा, उसण काढ," मी म्हटलं.

त्यानं मला पालथं घातलं, पाठीत गुडघा रोवला आणि दोन्ही खांदे मागं ओढले. डोळ्यांपुढं काळं आलं. मग उताणं केलं, कोमट तेल ओतलं आणि मुठींनी छाती मळायला लागला. आत हृदय रक्तावाचून तडफडतंय, आणि वरून पोती उचलणारा गडी बुक्क्या घालतोय. आणि मी काय म्हणत होतो? मी म्हणत होतो, "अजून जोरात."

डॉक्टरांना नंतर हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

रेणुकेची मंडळी

रेणुका शाळेत गणित शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिची मंडळी, काही शिक्षक, एक रिटायर झालेली नर्स, थोडी कॉलेजची मुलं, शहरात फिरतात आणि लोकांना हृदय नि फुफ्फुसं यांबद्दल सांगतात. बस स्टँडवर जातात, बागेत जातात, मंडीत जातात. उदबत्त्या वळणाऱ्या बायकांना धुळीपासून नाक-तोंड कसं झाकायचं ते दाखवतात. बिडीवाल्यांना नळीत फुंकायला लावून त्यांचा दम किती उरलाय ते त्यांनाच दाखवतात. सोबत एक प्लास्टिकचा पुतळा असतो, हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं डोकं आणि छाती. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध कसं दाबायचं ते त्या पुतळ्यावर शिकवतात.

तिला हे गरडीत करायचं होतं. मी नाही म्हटलं. आमच्या गरडीचं दार मुद्दाम बुटकं ठेवलंय, वाकल्याशिवाय आत येता येत नाही. आणि उंबऱ्याच्या आत बाईनं यायचं नाही. हौदातली लाल माती हळद-कापूर घालून पुजलेली असते, समोर मारुती असतो. रेणुका लहानपणापासून माझा डबा घेऊन येते, ती उंबऱ्याशी थांबते आणि तिथूनच हाक मारते.

"अप्पा, मी बाहेर उभी राहून शिकवीन," ती म्हणाली.

"माझे चेले दगड उचलतात. त्यांना सुम्ने प्लास्टिक दाबायला लावू नको," मी म्हटलं. सुम्ने म्हणजे उगाच. ती गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, भांडण संपलेलं नाही.

मी नव्हतो तेव्हा

यातलं मला काहीच आठवत नाही. प्रत्येकाकडून ऐकून जुळवलेलं सांगतोय.

उलटी होऊन मी गरडीत गेलो हे सुमित्रानं सांगताच रेणुका धावत आली. ती उंबऱ्याशी पोचली आणि मी हौदाच्या काठावरून आत घसरलो. तोंड मातीत. पोरांना वाटलं चक्कर आली. एकानं पाणी मारलं, एकानं कांदा फोडून नाकाशी धरला. मध्येच मी घोरल्यासारखा आवाज काढला म्हणे, म्हणून सगळे म्हणाले, श्वास आहे, श्वास आहे. तो श्वास नव्हता. हे नीट लक्षात ठेवा. मरता माणूस असा आवाज काढतो आणि भोवतालचे निर्धास्त होतात.

रेणुकेला कळलं. ती वाकून आत शिरली. महादेव आडवा आला, "अक्का, आत नको." वाकलेली होतीच, तशीच तिनं त्याच्या पोटात डोकं घातलं. तो मागं कोलमडला. ती हौदात उतरली, मला उताणं केलं, गुडघे मातीत टेकले आणि दाबायला लागली. एकीकडे ओरडून एकाला अँब्युलन्स बोलवायला लावली.

मग माझी बरगडी मोडली. कडकन आवाज झाला. गरडीत तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. पोरांना वाटलं, भीतीनं हिचं डोकं फिरलं आणि ही उस्तादांची हाडं मोडतेय. एकानं तिची वेणी धरून तिला मागं ओढलं. ती फरपटत गेली, त्याच्या पोटरीला कडकडून चावली आणि परत येऊन दाबायला लागली. तेव्हा महादेवानं तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. तो डाव मीच त्याला शिकवलेला. महादेवाच्या हातात मनगट आलं की सुटत नाही. तेही मोडलं.

सगळे थांबले. रेणुका ओरडली नाही. उजवा हात लोंबत होता. तिनं डाव्या हातानं महादेवाच्या थोबाडीत दिली.

"माझा हात तू मोडलास. आता तुझे हात दे," ती म्हणाली. "बस इथं. दाब."

आणि तो बसला. काय वाटलं कुणास ठाऊक, पण बसला. ती शेजारी, मोडका हात मांडीवर घेऊन, सांगत राहिली. मधोमध. कोपर सरळ. जोरात, भराभर. पुरती वर येऊ दे छाती. परत. तो जरा मंदावला की त्याच्या पाठीत बुक्की. अजून एक बरगडी गेली तेव्हा तो रडायला लागला, "अक्का, उस्ताद मोडतायत."

"मोडू दे. थांबू नको."

अँब्युलन्स आली तर बुटक्या दारातून स्ट्रेचर आत येईना. मला चादरीवर घालून पोत्यासारखं बाहेर काढलं. रस्त्यात, सगळ्या मोहल्ल्यासमोर, उघड्या छातीवर विजेचा झटका दिला. एकानं नाही भागलं, म्हणून दुसरा दिला. तेव्हा हृदय परत सुरू झालं.

बांधलेले हात

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि कुणीतरी माझ्यावर वाकलेलं होतं. मला वाटलं कुस्ती चाललीय. मी त्याची मान काखेत धरली आणि आवळली. तो होता सिद्दू, वॉर्डातला अटेंडंट, माझी कूस बदलायला आलेला. त्याला सोडवायला चौघं लागले. मग त्यांनी माझे दोन्ही हात पलंगाला बांधले.

हात बांधलेल्या पैलवानाला काय वाटतं ते सांगता येणार नाही. रेणुकेनं इथं बरंच गाळलंय. मी पाय झाडले, सुया उपटायचा प्रयत्न केला. डोकं ठिकाणावर नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आयसीयूत असं होतं, तुमचा दोष नाही. हे ज्यांच्या घरी होईल त्यांनी लक्षात ठेवा. तो शिव्या देणारा माणूस तुमचाच आहे, दोन-चार दिवसांत परत येतो.

आणि भीती. हो, वाटली. झोप लागली की हृदय थांबेल असं वाटायचं, म्हणून मी डोळे फाडून छताकडं बघत बसायचो. कुणाला सांगायची लाज वाटायची. घशातली नळी निघाल्यावर शेवटी सिद्दूलाच सांगितलं. त्याच्या मानेवर अजून माझ्या बोटांचे वळ होते. तो म्हणाला, "झोपा उस्ताद. हृदय अडखळलं तर उशाचं ते मशीन वाजतं. मला आधी कळतं, मग देवाला." आणि चमच्यानं गंजी भरवायला लागला. नुसती मीठ न घातलेली तांदळाची पेज. मी आयुष्यात त्याहून चवीचं काही खाल्लेलं नाही.

तीन गोळ्या

हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, ते काही कळलं नाही. खरा मार दिला बरगड्यांनी. खोकला आला की आतून सुरी फिरायची. म्हणून मी खोकायचो नाही, खोल श्वास घ्यायचो नाही. मग डॉक्टर म्हणाले, असंच केलंत तर फुफ्फुसात कफ साठेल, न्यूमोनिया होईल, हृदयातून वाचलात आणि फुफ्फुसानं मराल.

त्यांनी एक खेळणं दिलं. तीन नळ्या, तीन गोळ्या. तोंडात नळी धरून श्वास आत घ्यायचा, गोळी वर उचलली पाहिजे. भिंतीएवढ्या माणसाला चीत करणारा मी, आणि एक प्लास्टिकची गोळी हलेना. छातीला उशी घट्ट धरून ओढायचो आणि वेदनेनं घामेघूम व्हायचो. एकदा ते खेळणं भिंतीवर फेकून मारलं. सुमित्रानं उचललं, पुसलं आणि परत माझ्या तोंडाशी धरलं.

"फेका हवं तितक्यांदा," ती म्हणाली. "मी आणून देते. पण मरायचं नाही."

पहिली गोळी वर गेली त्या दिवशी मी सिद्दूला हाक मारून दाखवली.

शपथ

रेणुका भेटायला यायची ती ओढणीखाली हात लपवून. मी विचारलं तर म्हणायची, "घाईत पडले, अप्पा." खरं सुमित्रानं सांगितलं, आणि सांगितलं तेही भांडताना. मी जेवणावर ओरडत होतो. ती ताड्कन म्हणाली, "ओरडू नका. तुमच्या महादेवानं तुमच्या पोरीचा हात मोडला, त्या हाताला पट्टी घातलीय लोखंडाची. त्याच्यावर ओरडा."

मग सिद्दूकडं उदी मागितली, वॉर्डात देवाच्या फोटोपुढं होती ती, कपाळाला लावली आणि मारुतीची शपथ घेतली. ज्या हातानं माझ्या मुलीचा हात मोडला तो हात मी मोडीन.

आता गरडीतली शपथ म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. उस्तादानं मारुतीची शपथ घेतली तर पाळायची. पाळली नाही तर उस्तादाची जागा सोडायची. असंच चालत आलंय, माझ्या आधीच्या उस्तादांच्याही आधीपासून.

रेणुकेला कळलं तेव्हा ती माझ्या पलंगाशी उभी राहिली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही.

"हात माझा मोडला. शपथ घ्यायची तर मी घेईन. तुम्ही कोण?"

"मी बाप आहे."

"आणि त्याच हातांनी तुमचं रक्त फिरवत ठेवलं, अँब्युलन्स येईपर्यंत. ते हात मोडणार तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरांनी जोर करायची परवानगी दिली की."

ती निघून गेली. सुमित्रानंही माझ्याशी बोलणं टाकलं. नुसतं औषध, पाणी, ताट पुढं सरकवायची. घरी आल्यावर बघत होतो, रेणुका फळ्यावर लिहायचा सराव डाव्या हातानं करायची. अंक वेडेवाकडे यायचे, ती पुसायची, परत लिहायची. ते बघून माझा राग वाढायचा, आणि राग वाढला की छातीत धडधडायचं, आणि धडधडलं की भीती वाटायची. असे दिवस.

हौदात बायका

मी घरी पडून असताना गरडीतली पोरं रेणुकेकडं आली. माना खाली घालून म्हणाली, अक्का, आम्हाला शिकव. तिनं अट घातली. शिकवीन ते हौदात, आणि सगळ्यांना, बायकांनाही. पोरं माझ्याकडं आली. मी म्हटलं, ती एकदा उतरलीय, मारुतीनं काही म्हटलं नाही, मी काय म्हणणार.

महादेव मात्र सोसल्याला पळून गेला होता. माझी शपथ त्याच्यापर्यंत पोचली होती. रेणुका बसनं सोसल्याला गेली आणि त्याला घेऊन आली. तिला विचारलं, कशाला, तर म्हणाली, "माझ्या मनगटानं आता दाबता येत नाही. मला हात लागतात."

मला पहिल्यांदा बाहेर पडायची मुभा मिळाली तेव्हा मी गरडीत जाऊन खुर्ची टाकून बसलो. लाल मातीत चादर अंथरली होती, तिच्यावर तो पुतळा. उदबत्तीवाल्या बायका पदर खोचून दाबत होत्या, मंडीतले हमाल दाबत होते. कोणी हसत होतं, कोणी दोन-चार वेळा दाबून धापा टाकत होतं. रेणुका प्रत्येक वेळी एकच बजावायची: दाबलं म्हणजे माणूस वाचतोच असं नाही, पण न दाबता तर नक्कीच जातो. महादेव दाखवून द्यायचा. माझी नजर गेली की उजवा हात पाठीमागं घ्यायचा. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

एकदा त्यानं रेणुकेला विचारलं, "अक्का, दाबणाऱ्याला कुणी ओढायला आलं तर?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मी ओढलं होतं. कुणीही ओढेल. बघणाऱ्याला वाटतं, हा मारतोय."

हे रेणुकेच्या मंडळींना सुचलं नव्हतं. मग त्यानंच उपाय काढला. कुस्तीच्या वेळी गर्दी हौदात घुसू नये म्हणून चेले खांद्याला खांदा लावून कडं करतात ना, तसंच. एकानं दाबायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडं पाठ करून, हात गुंफून उभं राहायचं. कोणी मारलं तर खायचं, पण कडं सोडायचं नाही. त्या दिवसापासून रेणुकेची मंडळी दाबायला शिकवतात तसं कडं करायलाही शिकवतात. हमालांना आणि उदबत्तीवाल्यांना ते बरोब्बर जमलं.

मी खुर्चीतून सगळं बघितलं. चांगलं आहे, असं मनात म्हटलं. शपथ मात्र तशीच होती.

परवानगी

डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, चालायला हरकत नाही, थोडा जोर करायला हरकत नाही, मारामारी तेवढी नको. मी नमस्कार केला, बाहेर आलो आणि रिक्षाला मंडी म्हणून सांगितलं. रेणुका सोबत होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

"अप्पा, घरी चला."

"तू जा."

ती रिक्षात बसली. रस्ताभर बोलली, रडली, शेवटी म्हणाली, "मोडा मग. आणि उद्या कुणी कोसळला तर तुम्ही दाबा."

मंडीत पोचलो तर कांद्याच्या गाळ्यांपाशी गर्दी. आरडाओरडा. मी खांद्यानं वाट काढत आत शिरलो. जमिनीवर एक जाडजूड माणूस उताणा, शर्ट फाडलेला, आणि त्याच्यावर वाकून महादेव दाबत होता. त्या माणसाचा मुलगा महादेवाच्या पाठीत लाथा घालत होता, "मारतोय माझ्या अप्पांना, मारतोय." दोघांनी महादेवाचे केस धरले होते. एकानं त्याचा उजवा हात धरून पिरगाळायला सुरुवात केली होती. महादेव तोंड वेडंवाकडं करून डाव्या हातानं दाबत होता.

मी तो हात बघितला. त्याच हातासाठी मी तिथं आलो होतो.

काय झालं ते मला सांगता येत नाही. मी पिरगाळणाऱ्याला कमरेत धरलं आणि कांद्याच्या पोत्यांवर फेकलं. महादेवाचा हात सुटला. "दाब," मी ओरडलो, "थांबू नको." आणि त्याच्याकडं पाठ करून हात पसरून उभा राहिलो. मुलानं मला बुक्की मारली, बरोबर त्या बरगड्यांवर. मी हललो नाही. डावीकडं रेणुका येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या हातात हात गुंफला. "उदबत्तीवाल्यांनो," ती ओरडली, "कडं, कडं करा." पलीकडच्या गल्लीतून बायका आल्या. हमाल आले. खांद्याला खांदा लागला. शिव्या आल्या, चपला आल्या, कुणीतरी दगडही मारला. कुणी कडं सोडलं नाही. रेणुकेला जोरात धक्का बसला आणि ती खाली पडली. तिची जागा लगेच एका बाईनं घेतली.

अँब्युलन्सवाले येईपर्यंत महादेव दाबत होता. त्यांनी त्या माणसाला उचललं तेव्हा त्याची नाडी लागत होती. आज तो घरी आहे, हळूहळू बोलतो, असं त्याच्या मुलानंच येऊन सांगितलं. तो मुलगा आता आमच्याकडे कडं शिकायला येतो. माझ्या अंगावर रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळं असे काळेनिळे डाग उठले, की डॉक्टरांनी मला बघून दोन्ही हात जोडले.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं. गाडी गेल्यावर गर्दी पांगली. महादेव जमिनीवर बसून धापा टाकत होता, ओठ फुटलेला. तो गुडघ्यांवरच पुढं सरकला आणि उजवा हात माझ्यापुढं धरला.

"उस्ताद, आता मोडा," तो म्हणाला. "मला रोज वाट बघवत नाही."

मी उभाच राहिलो. रेणुका अजून खाली होती, चिखलात, कांद्याच्या सालींत. तिनं आपला उजवा हात पुढं केला, तो वाकडा, पट्टी घातलेला, महादेवाकडं.

"मला उठव," ती म्हणाली.

तो मागं सरकला. त्या मनगटाला हात लावायची त्याची छाती होईना.

"धर," ती म्हणाली. "आणि ओढ."

त्यानं धरलं. दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला धरावं तसं. आणि हळूच ओढलं, आणि ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरडीत गेलो, मारुतीपुढं नाक घासलं आणि शपथ पाळली नाही असं सगळ्यांदेखत सांगितलं. मग उस्तादाच्या पाटावरून उठलो आणि गरडीची किल्ली महादेवाच्या उजव्या हातात दिली. तो घ्यायला तयार नव्हता, म्हणून मी त्याची बोटं स्वतः मिटवली. मग बाहेर येऊन रेणुकेसोबत उंबऱ्याशी बसलो.